फेथॉनचा मित्र हंस झाला

सूर्याचा रथ एक दिवस आपण हाकायचा, हा फेथॉनचा हट्ट. सूर्यदेव त्याचा बाप, पण दिलेल्या शब्दात अडकलेला. त्याने लगाम पोराच्या हाती दिले. घोडे उधळले, पृथ्वी होरपळू लागली, आणि देवांचा राजा झ्यूसने वीज टाकून पोराला रथातून पाडलं. जळत जळत फेथॉन एरिडानस नदीत कोसळला.

आपण थांबणार आहोत ते नदीकाठी, मागे राहिलेल्या मित्रापाशी. किक्नस त्याचं नाव, लिग्युरियाचा राजा. राज्य सोडून तो काठाकाठाने रडत फिरू लागला. फेथॉनच्या बहिणी शोक करता करता पॉप्लरची झाडं झाल्या होत्या. त्या झाडांमध्ये त्याचा विलाप घुमत राहिला. हळूहळू आवाज बारीक झाला, केसांच्या जागी पांढरी पिसं आली, मान लांबली, बोटांमध्ये पडदा चढला, तोंडाची चोच झाली.

ही ग्रीक कथा दोन थोर रोमन कवींनी सांगितली, आणि शेवट दोघांचा निराळा. ओव्हिडचा हंस आकाशाला बिचकतो. मित्राला जाळणारी वीज त्याला आठवते, आगीचा त्याला तिटकारा, म्हणून तो तळी आणि नद्या धरून राहतो. व्हर्जिलचा किक्नस मात्र गात गातच पिसांनी पांढरा होतो, जमीन सोडतो आणि ताऱ्यांमागे निघून जातो.

हंसाच्या ग्रीक कथांमध्ये झ्यूस हंस होऊन स्पार्टाच्या राणीकडे, लीडाकडे गेला, ती अधिक गाजली. पण तिथे हंस हे निव्वळ सोंग आहे. किक्नसच्या कथेत पक्ष्याचा स्वभाव उतरला आहे.

पाहा, उत्तर ग्रीसमधलं कास्तोरियाचं तळं. इथला मूक हंस म्हणजे थेट ओव्हिडचा. नर दहा-बारा किलोचा. एवढं वजन हवेत उचलायचं तर पाण्यावर पाय आपटत, पंख झोडपत लांबवर धावावं लागतं, म्हणून त्याला मोकळं पाणी हवंच. माणसाच्या मानेत मणके 7, याच्या मानेत वीसहून अधिक. शेपूट आभाळाकडे, डोकं पाण्याखाली, असा उलटा होऊन तो तळाची वनस्पती खुडतो. हरवलेलं माणूस शोधावं तसा पुन्हा पुन्हा मान बुडवतो. हा गात नाही. फुत्कारतो, घुरघुरतो, आणि उडताना त्याचे पंख घुमतात.

गाणारा हंस वेगळा. पिवळ्या-काळ्या चोचीचा हा हूपर हंस उत्तर युरोप आणि आशियात वीण करतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो. त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात शिरून वेटोळं घेते. तुतारीसारखी साद घालत त्याचे थवे उडतात. व्हर्जिलच्या ओळी मला याच्याच वाटतात. प्लेटोच्या लिखाणात, आपल्या अखेरच्या दिवशी सॉक्रेटिस म्हणतो, हंस मरताना गातात ते दुःखाने नव्हे. आपण आपल्या देवाकडे, अपोलोकडे चाललो या आनंदाने गातात. विषाचा प्याला समोर येण्याआधीचं हे बोलणं आहे.

आता वर पाहू. आकाशात हंस नावाचा तारकासमूह आहे. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या यादीत तो नुसता ‘पक्षी’ आहे. हंसाची ओळख पुढे पक्की झाली. महाराष्ट्रातून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढग सरले की रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान वर करा. अभिजित, श्रवण आणि डेनेब या ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसेल. डेनेब ही हंसाची शेपटी. तिथून आकाशगंगेच्या पट्ट्यातून मान पुढे काढून तो दक्षिणेकडे झेपावलेला आहे. चोचीपाशी अल्बिरिओ हा जोडतारा. छोट्या दुर्बिणीतूनही त्याचे दोन तारे वेगळे होतात, एक सोनेरी, एक निळसर. या जोडीसाठी तरी दुर्बीण मागून आणावी. मानेच्या मध्यावर सिग्नस एक्स-1 आहे, शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेणारं कृष्णविवर. ते दिसत नाही. क्ष-किरणांमुळे 1964 मध्ये त्याचा माग लागला.

व्हर्जिलचा हंस ताऱ्यांमागे गेला, पण तारे किती दूर? शतकानुशतकं कुणाला मोजता आलं नव्हतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचा तारा किंचित सरकल्यासारखा दिसायला हवा. ते सरकणं टिपायला जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेलने याच हंसातला 61 सिग्नी हा अंधूक जोडतारा निवडला. 1838 मध्ये त्याने अंतर जाहीर केलं, सुमारे दहा प्रकाशवर्षं. आजचं माप आहे 11.4.