टायची गाठ आणि नागपूरचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मी ३३ वर्षं काम केलं. धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने रोजचेच, शिवाय महिन्यातून दोनदा एसटीनं चंद्रपूर, वणी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी गळ्यात टाय असायचाच. आज बोलायचं आहे ते त्याच टायबद्दल, कारण कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की मला मुलांच्या गळ्यात चुरगळलेले, पिळवटलेले टाय दिसतात आणि वाईट वाटतं. आपल्या शहरात चौकाचौकांत कोट-टायमधले बाबासाहेब उभे आहेत. घरात पहिल्यांदाच टाय बांधणाऱ्या मुलासाठी ती निव्वळ फॅशन नसते.

टाय उलटा करून पाहा. मागच्या शिवणीच्या टोकाशी दोऱ्याचा एक सुटा फास दिसेल. धागा निघाला असं समजून पुष्कळ जण तो कात्रीनं उडवतात. कृपा करून तो कापू नका. तो एकच दोरा सैल टाक्यांनी टायच्या लांबीभर धावतो. टाय ताणला की आत सरकतो, सोडला की परत येतो. कापडही मुद्दाम तिरकं, ४५ अंशांत कापलेलं असतं. न्यूयॉर्कचे टाय बनवणारे जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२०च्या दशकात तिरक्या कापाचे तीन तुकडे जोडायची पद्धत रूढ केली, तेव्हापासून टाय गाठीतून सुटून पुन्हा सरळ लोंबू लागला.

म्हणूनच टाय बांधण्यापेक्षा सोडताना जास्त खराब होतो. थकून घरी आलं की आपण गाठ सैल करतो आणि अरुंद टोक खसकन ओढून काढतो. त्यानं अस्तर पिळलं जातं. गाठ ज्या क्रमानं बांधली, त्याच्या उलट क्रमानं एकेक वेढा सोडा. अर्धं मिनिट लागतं. आणि गाठ तशीच ठेवून टाय डोक्यावरून काढायचा, दुसऱ्या दिवशी तसाच घालायचा, ही सवय तर आजच मोडा.

बांधायला साधी फोर-इन-हँड गाठ पुरते. ती किंचित तिरपी बसते, बसू द्या. गाठ आवळण्याआधी तिच्या खाली बोटानं एक खळी पाडा. शर्टाचं वरचं बटण लावलेलं हवं आणि रुंद टोक पट्ट्याच्या बकलापाशी थांबावं. उंची कमी असेल तर विंडसर गाठ बांधा. तिला वेढे जास्त लागतात, त्यात लांबी खपते.

आता घाम. दिवसभर घातलेला टाय लगेच कपाटात कोंबू नका, रात्रभर मोकळ्या हवेत टांगा. रेशमी टाय लागोपाठ दोन दिवस घालू नका. माझा पहिला रेशमी टाय बर्डीच्या बाजारात घेतला होता, पहिल्या पगारातला. कॉलरपाशी घामाचा डाग पडला म्हणून मी तो बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवला. रेशीम एका बाजूला आटलं, अस्तर दुसऱ्या. तो पुन्हा कधीच सरळ लोंबला नाही. त्याची हळहळ मला अजून आहे.

तर्री-पोहे खाताना टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत सरकवा. तरीही तेलाचा थेंब पडलाच तर चोळू नका, पाणीही लावू नका. कोरड्या कापडानं टिपा, टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी अलगद झटका. डाग उरला तर ड्रायक्लीनला द्या, पण प्रेस करू नका असं बजावून सांगा. टायच्या कडा गोल राहायला हव्यात. प्रेसखाली त्या चपट्या झाल्या की टायचा जीवच जातो. सुरकुत्यांसाठी न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत थोडा वेळ टांगणं पुरतं. स्वेटरसारखा विणलेला टाय मात्र टांगू नका, तो लांबतो. त्याची सैल गुंडाळी करून ठेवा. पावसाळ्यात डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर सुती कापडात बांधून, रेशमाला लागणार नाहीत अशा.

१९९१ साली घेतलेला माझा गडद निळा टाय मागच्या महिन्यात पुतण्यानं मुलाखतीसाठी मागून नेला. चार दिवसांनी परत आणून दिला. गाठ पूर्ण सोडलेली होती, आणि मागचा तो दोऱ्याचा फास जागच्या जागी होता.