अळीला खरंच सवय लागते का?

नमस्कार मंडळी.

मागच्या वर्षी गणपतीत तात्यांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांच्या रानात गेलो होतो. परभणीपासून फार लांब नाही, काळीभोर जमीन, कमरेला लागणारा कापूस, लांबून बघितला तर डोळे निवतील असा. तात्यांनी एका झाडावरचं फूल तोडलं आन् माझ्या हातावर ठेवलं. फूल उमललेलंच नव्हतं, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. आपण डोमकळी म्हणतो ना, ती. नखानं पाकळ्या सोडवल्या तर आत तांदळाच्या कणीएवढी अळी, पांढुरकी, डोकं काळपट, परागकण खात बसलेली. कापसाची गुलाबी बोंडअळी, अजून लहान असलेली. तात्या म्हणले, "बघ बाबा, बीटी लावली, वरून दोन फवारे झाले, तरी मरंना. लई वर्षं झाली, सवय लागली तिला आता."

बीटी म्हणजे जिच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं ती कपाशी. सवय लागली. हा शब्द घेऊनच मी घरी आलो. मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो, उत्क्रांतीचा चॅप्टर दरवर्षी शिकवतो, आणि तात्यांनी तर बांधावर उभं राहून एका वाक्यात दोनशे वर्षांपूर्वीचा एक मोठा सिद्धांतच मांडला होता. तो पुढं चूक निघाला, पण चूक का आहे हे पक्कं कळायला जगातल्या हुशार हुशार माणसांना दीडशे वर्षं लागली, त्यामुळं तात्यांना नावं ठेवायचं काही कारणच नाही. आज ती दीडशे वर्षांची गोष्ट सांगतो.

सुरुवात फ्रान्सपासून. लामार्क नावाचा माणूस, आधी सैन्यात, मग झाडांचा अभ्यास, आणि पन्नाशी गाठताना पॅरिसच्या म्युझियममध्ये त्याच्याकडं किडे, गांडुळं, गोगलगायी हा कुणालाच नको असलेला विभाग आला. तो आयुष्यभर त्यातच रमला. १८०९ साली त्यानं पुस्तक लिहून सांगितलं की प्राण्यांच्या जाती कायम तशाच राहत नाहीत, त्या बदलतात. त्या काळी हे म्हणायला छाती लागत होती. बदल कसा होतो, तर जो अवयव वापराल तो वाढतो, जो वापरणार नाही तो खुरटतो, आणि आयुष्यात असं जे कमावलं ते लेकरांना जातं. जिराफ मान ताणत राहिला, पिढ्यान् पिढ्या ताणत राहिला, मान लांब झाली. अळी औषध सोसत राहिली, तिला सवय लागली, तिची पिल्लं सवयीसकट जन्मली. बघा, तेच झालं ना? म्हातारपणी लामार्क आंधळा झाला, लेकींनी सांभाळला, १८२९ साली गरिबीत गेला. 'लामार्क चूक' एवढं एका ओळीत शिकवून पुढं जायचं मला बरं वाटत नाही, कारण बदल होतो हे ठासून सांगणारा तो पहिल्या काही माणसांतला होता.

त्याच म्युझियममध्ये क्युव्हिए नावाचा दुसरा शास्त्रज्ञ होता. जाती बदलतात हे त्याला अजिबात मान्य नव्हतं, पण १७९६ सालीच हत्तींची हाडं शेजारी शेजारी ठेवून त्यानं दाखवून दिलं की मॅमथ हा आजच्या हत्तीपेक्षा वेगळा प्राणी आहे आणि तो संपलेला आहे, म्हणजे एखादी जात पृथ्वीवरून कायमची जाऊ शकते. आपल्या मांजरा नदीच्या जुन्या गाळातसुद्धा हत्तीचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म सापडलेत. लातूरकडं पाणघोडा! पण होता एकेकाळी.

मग वेळेचा प्रश्न आला. एवढे बदल व्हायचे तर काळ किती पाहिजे? लायेल नावाच्या भूगर्भवाल्यानं १८३० पासून पुस्तकं काढून सांगितलं की नदीचा गाळ, ज्वालामुखी, भूकंप, ही आज दिसणारी कामंच फार फार मोठा काळ चालली तर डोंगर उभे राहतात आणि झिजतात. वेरूळला गेलात तर कैलास लेण्याचा दगड जरा नीट बघा. तो लाव्हा आहे, थरावर थर, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या लाव्ह्याची झीज होऊनच आपली काळी माती झाली. डार्विन १८३१ च्या डिसेंबरात बीगल जहाजावर चढला तेव्हा लायेलच्या पुस्तकाचा पहिला भाग त्याच्याजवळ होता.

डार्विनची गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत असेल, पाच वर्षांचा प्रवास, गॅलापागोस बेटं, तिथल्या चिमण्यांएवढ्या पाखरांच्या वेगवेगळ्या चोची, ते मी लांबवत नाही. मुद्द्याची गोष्ट १८३८ सालची. त्यानं लोकसंख्येवरचा माल्थसचा निबंध वाचला आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. जन्माला येतात खूप, जगतात थोडे. आता जन्मलेले सगळे सारखे नसतात, एका कुत्रीच्या पाच पिल्लांतसुद्धा फरक असतो. ज्याचा फरक त्या जागेला, त्या हवापाण्याला उपयोगी, तो जगतो, त्याची पोरं होतात, तो फरक पुढं जातो. म्हणजे फरक आधी, निवड नंतर. लामार्कच्या बरोब्बर उलटं. यात कुणी मान ताणत नाही आणि कुणाला सवयही लागत नाही.

हे सुचल्यावर माणूस वीस वर्षं गप्प बसला, पुरावे गोळा करत राहिला, कबुतरं पाळली, आठ वर्षं तर समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बारीकशा जीवांवरच घालवली. आणि १८५८ च्या जूनमध्ये पार इंडोनेशियाकडून पाकीट आलं. वॉलेस नावाचा माणूस, घरची गरिबी, पाखरं-फुलपाखरं पकडून विकायचा आणि त्यावर पोट भरायचा. हिवतापानं फणफणून पडलेला असताना त्याला नेमकं हेच सुचलं होतं, आणि त्यानं ते मोठ्या विश्वासानं डार्विनलाच लिहून पाठवलं. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. डार्विन तिथं नव्हता, त्याचं दीड वर्षाचं लेकरू तापानं गेलं होतं आणि त्याच दिवशी त्याला पुरलं. वॉलेस हजारो मैल लांब, त्याला तर पत्ताच नाही. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ ला डार्विनचं पुस्तक आलं.

पण त्या पुस्तकाला एक मोठं भोक होतं. ते डार्विनलाही माहीत होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही म्हणूनच मला तो माणूस फार आवडतो. फरक येतो कुठून, आणि तो पुढं टिकतो कसा? तेव्हा सगळ्यांना वाटायचं की आईबापाचे गुण रंगासारखे एकमेकांत मिसळतात. १८६७ साली जेन्किन नावाच्या इंजिनियरनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. एक चांगला फरक घेऊन एकटाच कुणी जन्मला तर त्याचं लग्न साध्याशीच होणार, पोरांत तो फरक निम्मा, नातवंडांत पाव, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या बादलीत काळा थेंब, दोन-चार पिढ्यांत गायब. डार्विनकडं याला उत्तर नव्हतं. तो थोडा थोडा लामार्ककडंच झुकायला लागला.

उत्तर मात्र तेव्हा छापून झालेलं होतं. ब्रनो गावच्या मठातल्या मेंडेल नावाच्या पाद्र्यानं आठ वर्षं वाटाण्याची २८ हजारांच्या आसपास झाडं वाढवून, दाणे मोजून, १८६५ साली सांगितलं होतं की गुण मिसळत नाहीत, ते दाण्यासारखे सुटे सुटे राहतात, एखाद्या पिढीत दबतात आणि पुढच्या पिढीत जसेच्या तसे वर येतात. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८८२ ला डार्विन गेला, १८८४ ला मेंडेल गेला, आणि जगाला तो कागद नीट दिसला १९०० साली.

मधल्या काळात जर्मनीत वाइजमननं पिढ्यामागून पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. पाच पिढ्या, ९०१ पिल्लं, एकही बिनशेपटीचं नाही. आपल्याकडं तर बारशाच्या आगंमागं कान टोचायची रीत किती जुनी, पण टोचलेल्या कानाचं लेकरू कुणी बघितलंय का? पुढं फिशर, राइट आणि हाल्डेन या तीन शास्त्रज्ञांनी गणित करून मेंडेल आणि डार्विन एकत्र बसवले. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, आणि १९६४ ला भुवनेश्वरात वारले.

तरी सवयीचा प्रश्न शिल्लकच होता, कारण बॅक्टेरियावर औषध टाकलं की बहुतेक मरायचे आणि थोडे उरायचे, ते उरलेले 'सवय लागून' उरले की आधीपासूनच वेगळे होते? १९४३ ला लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी औषधाऐवजी बॅक्टेरिया मारणारा विषाणू वापरून, मोजमाप करून दाखवलं की आधीच वेगळे होते. पण मला वर्गात सांगायला आवडतो तो १९५२ चा प्रयोग, एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या नवरा-बायकोचा. एक काचेची बशी, तिच्यात बॅक्टेरियाचे शेकडो ठिपके. लाकडी ठोकळ्याला मखमल बांधायची, ती बशीवर अलगद दाबायची, मखमलीच्या लवेला प्रत्येक ठिपक्यातले थोडे थोडे चिकटतात. मग तोच शिक्का औषध घातलेल्या दुसऱ्या बशीवर, तिसऱ्या बशीवर उमटवायचा. सगळे ठिपके मेले, दोन-तीन जगले. आणि गंमत बघा, प्रत्येक बशीत त्याच त्याच जागेवरचे जगले. मग मूळ बशीकडं जायचं, जिनं औषध कधी बघितलंसुद्धा नाही, आणि तिच्यातला त्या जागेचा ठिपका उचलायचा. त्या ठिपक्यात औषधाला दाद न देणारे आधीच बसलेले! औषधाची ओळख नसताना!

आता परत डोमकळीकडं येऊ. बीटीचं बी आपल्याकडं २००२ ला आलं, दोन जीनचं २००६ ला. पाकिटासोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, रानाच्या कडंनं लावायला. बहुतेकांनी ते लावलंच नाही, आमच्या घरीही कोपऱ्यात पडून असायचं, "एवढी जागा कशाला वाया घालवायची." पण ते पाकीट म्हणजे मेंडेलचं वाटाण्याचं गणित होतं. बीटीला दाद न देणारा गुण दबून राहणारा आहे, आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच अळी वाचते. कडंच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांच्या पतंगांचा जोडा त्या एखाद्या वेगळ्या पतंगाशी लागला असता, आणि पिल्लं बीटी खाऊन मेली असती. साध्या अळ्या आपण ठेवल्याच नाहीत, म्हणून वेगळ्यांचे जोडे वेगळ्यांशीच लागले. २०१० च्या सुमाराला गुजरातेतून पहिली बातमी आली, आणि २०१७ ला तर आपल्या दारातच किती कवडी, म्हणजे किडका खराब कापूस, झाली ते तुम्हाला मी काय सांगू.

त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी २०१८ मध्ये, आपल्याच संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी बघितला नाही, डार्विन चूक आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून त्याला उत्तर दिलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण त्याच हंगामात आजूबाजूच्या प्रत्येक गावानं उत्क्रांती बोंड फोडून बघितली होती.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं, लिंबाखाली बसून, तासभर. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीकय, पण मग ती पहिली वेगळी अळी आली कुठून?" मंडळी, मी एक मिनिट गप्प झालो, कारण हाच प्रश्न डार्विनला सुटला नव्हता. मग सांगितलं की प्रत्येक पेशीत डीएनए असतो, त्याची बांधणी १९५३ ला कळली, पिढीमागून पिढी त्याची नक्कल होते आणि नकलेत कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात. एक पतंगीण शे-दोनशे अंडी घालते, अशा कोट्यवधी पतंगिणी, त्यात एखादी चूक कामाला येते. तात्या म्हणले, "म्हणजे पेरा जेवढा जास्त, तेवढी चूक निघायचा मोका जास्त. मग फरदड ठेवून आपण तिचा पेराच वाढवतोय की." फरदड म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन उभा ठेवलेला कापूस. हे मी शिकवलं नव्हतं.

डिसेंबर संपायच्या आत त्यांनी पऱ्हाटी उपटून रान मोकळं केलं. यंदा सरकी लावून पन्नास दिवस झालेत, एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावलेत, आणि सापळ्याला किती पतंग अडकले ते रोज रात्री मला फोनवर सांगतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीचं बघायचं असं ठरलंय. कालचा आकडा तीन होता.

नमस्कार.