बर्लिनची भिंत: २५ चालींची बरोबरी

८ ऑक्टोबर २०००. लंडन, हॅमरस्मिथमधला रिव्हरसाइड स्टुडिओज. पांढरी मोहरी गॅरी कास्पारोव्हकडे. १९८५ साली जगज्जेता झालेला हा माणूस. समोर २५ वर्षांचा व्लादिमिर क्रामनिक. जगज्जेतेपदाचा सामना १६ डावांचा, आणि हा पहिलाच.

कास्पारोव्ह राजापुढचं प्यादं सरकवतो. दोन्हीकडून एकेक घोडा बाहेर येतो, पांढरा उंट काळ्या घोड्यावर रोखला जातो. ही रुय लोपेझ नावाची सुरुवात, बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची. मग क्रामनिक दुसरा घोडा काढतो. हा बर्लिन बचाव. एकोणिसाव्या शतकात चलनात होता, नंतर अडगळीत पडला.

आता पटाकडे नीट बघा. पांढऱ्याचा किल्लेकोट होतो (राजाला हत्तीआड सुरक्षित नेणारी चाल), काळा घोडा मधलं प्यादं खातो, थोडी मारामारी होते आणि आठव्या चालीला दोन्ही वजीर पटाबाहेर. पांढरा वजीर काळ्या राजानंच मारलाय, म्हणजे त्याचा किल्लेकोट गेला. वर 'सी' पट्टीत काळी प्यादी एकामागे एक अडकलेली. हे काय खेळणं झालं, असं कुणीही म्हणेल. त्यात तथ्यही आहे: उरलेली मोहरी मारामारीत संपली, तर नुसत्या प्याद्यांच्या डावात सहसा पांढराच जिंकतो. राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी तिघांसमोर उभी असतात ना.

पण मोहरी संपतातच कुठे? काळ्याकडे दोन्ही उंट आहेत. त्याची प्यादी वेडीवाकडी दिसली तरी आत शिरायला फट सापडत नाही. आणि वजीरच नाही, तर उघड्यावर उभ्या राजावर धावून जाणार कोण? कास्पारोव्हचा दरारा हल्ल्याचा. ते हत्यार क्रामनिकनं आठ चालींत काढून घेतलं. २५व्या चालीला बरोबरी.

कंटाळवाणा डाव? मला तर अख्खा सामना इथेच फिरलेला दिसतो. दुसरा डाव क्रामनिकनं जिंकला. तिसऱ्यात पुन्हा बर्लिन, ५३ चाली धडका देऊनही बरोबरी. नवव्यात तेच. तेराव्या डावाला कास्पारोव्ह दोन गुणांनी मागे होता. पांढरी त्याच्याकडे, समोर पुन्हा तीच भिंत, आणि त्यानं १४ चालींत बरोबरी मान्य केली. जिंकण्यावाचून गत्यंतर नसलेल्या माणसानं!

सामना क्रामनिकनं पंधराव्या डावातच ८.५–६.५ असा जिंकला. कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही.

१३ वर्षांनी, चेन्नई. पुन्हा जगज्जेतेपदाचा सामना, चौथा डाव, पांढरी विश्वनाथन आनंदकडे. मॅग्नस कार्लसननं तिसऱ्या चालीला तोच घोडा काढला. त्या दिवशी ६४ चाली झाल्या. बरोबरी.