गोव्यातलं घर गार ठेवायचं तर हवेतलं पाणी मोजा

नमस्कार. मे महिन्यातली दुपार आहे, सभागृहातले पंखे पूर्ण वेगाने फिरताहेत, तरी बहुतेकांच्या हातात रुमाल आहे. पारा तेहतीसच्या आसपास असेल. नागपूरला याच दिवसांत तो पंचेचाळिसाला टेकतो, पण तिकडचा पाहुणा आपल्याकडे आला की म्हणतो, तुमचा उकाडा सोसवत नाही. त्याचं खरं आहे. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि आपल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम वाळतच नाही.

किती वाफ? दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या खोलीच्या हवेत साधारण ८०० ग्रॅम पाणी असतं. वाफेचं पुन्हा एक लिटर पाणी करायचं तर ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर फेकावी लागते. एसीच्या कष्टातला मोठा वाटा इथेच जातो. खात्री करायची असेल तर एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर रात्रभरात ती कुठवर भरते ते बघा.

हे एकदा ध्यानात आलं की बाजारातल्या निम्म्या गोष्टी आपोआप बाद होतात. कूलर तर लगेच. तो हवेत पाणी मिसळून ती गार करतो. विदर्भात उत्तम, पण आपल्याकडे त्याने कपाटातल्या साड्यांना आणि चपलांना बुरशी तेवढी लवकर धरेल. गरम-थंड दोन्ही करणाऱ्या एसीसाठीही जादा पैसे घालू नका. जानेवारीच्या पहाटेही पणजीत पारा विसाच्या आसपास असतो, तेवढ्याला चादर पुरते.

आता टन. एक टन म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला लागेल तेवढी उष्णता काढण्याची ताकद, सुमारे साडेतीन किलोवॉट. दुकानदार सांगतो, दीड टनाचाच घ्या, खोली पटकन गार होईल. इथेच माणूस फसतो. मोठं यंत्र हवा झटपट गार करतं आणि मंदावतं किंवा थांबतं. पाणी काढायला कॉइल, म्हणजे एसीतल्या नळ्यांची जाळी, बराच वेळ पुरेशी थंड राहावी लागते, तेवढा वेळच तिला मिळत नाही. मग खोली गार, पण चादर ओलसर लागते, आणि आपण रिमोटवर अठरा करतो. सावलीतल्या एकशेवीस चौरस फुटांना एक टन पुरतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, घ्यावाच, पण त्यालाही मापापेक्षा मोठा घेऊन उपयोग नाही. दमट रात्री एसीच्या पंख्याचा वेग कमी ठेवा, 'ड्राय' मोड वापरा. आणि रिमोट चोवीस-पंचवीसवर राहू द्या. २०२० पासून वीजबचतीचे स्टार असलेले एसी चोवीसवरच सुरू होतात. बीईई, म्हणजे हे स्टार ठरवणारी सरकारी संस्था, तिच्या हिशेबाने वाढवलेल्या प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

स्टारचं लेबल जरूर वाचा, पण ताऱ्यांपेक्षा त्यावरचा आयसीर (ISEER), म्हणजे हंगामी कार्यक्षमतेचा आकडा बघा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुना पाचतारा आज पाचतारा असेलच असं नाही. आयसीर पाच म्हणजे हंगामभराच्या हिशेबात एका युनिटमागे पाच युनिट उष्णता बाहेर. लेबलवरची वार्षिक युनिटं १६०० तासांची असतात, म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे रात्री. तुमच्या रात्री कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात आकडा बदला. एक गोष्ट मात्र मनात ठेवा: ही चाचणी आत २७ अंश आणि जेमतेम पन्नास टक्के आर्द्रता धरून होते. आपल्या जूनची हवा त्या प्रयोगशाळेत नसते.

पण माझा खरा आग्रह एसीच्या आधीच्या गोष्टींसाठी आहे. आपल्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर आणि समोर बल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा छपरी ओटा, असायचा. ऊन भिंतीला लागायच्या आतच अडायचं. आता स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खोलीत सोडतो. गच्चीवर पावसासाठी आपण पत्रे घालतोच. त्यांच्या बाजू बंद करू नका, वारा खेळू द्या. स्लॅबला सावली मिळते आणि पत्र्याखालची तापलेली हवा निघून जाते. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून छज्जा किंवा चटई लावा. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा फारसं काही करू शकत नाही. आणि पंखे बदला. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. दिवसरात्र चालणाऱ्या पंख्यात हा फरक बिलात लगेच दिसतो.

गीझरचं थोडक्यात. आपल्याकडे नळाचं पाणी मुळात कोमट असतं. पंचवीसचं पंधरा लिटर पाणी पंचेचाळिसावर न्यायला ०.३५ युनिट पुरतं. लहान गीझर घ्या आणि वापर झाला की बंद करा.

शेवटचं, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी. कळंगूट, मिरामार, कोलवा या भागांत खारा वारा बाहेरच्या युनिटची कॉइल खातो. तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप असलेलं मॉडेल मागा, युनिट समुद्राच्या थेट वाऱ्यात लावू नका आणि वीज बंद करून ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवून घ्या. खरेदीच्या आधी दुकानात विचारा: खाऱ्या हवेने कॉइल गेली तर वॉरंटी लागू होते का? उत्तर लेखी घ्या.