उद्योजक मोजायचे कसे?

श्रोतेहो, नमस्कार.

लातूरच्या एखाद्या गल्लीत पापड-शेवया करून विकणाऱ्या ताईंना विचारा, "तुम्ही उद्योजक आहात का?" उत्तर येईल, "छे हो, मी घरीच असते." आता असं विचारा, "गेल्या बारा महिन्यांत घरी काही करून विकलं का?" की किलोचा भाव, गिऱ्हाइकं, थकलेली उधारी, सगळं निघेल. देशोदेशीची उद्योजकता मोजताना आकडा बिघडतो तो इथंच, पहिल्या प्रश्नात.

जागतिक बँक नोंदणीचं दप्तर बघते: १५ ते ६४ वयाच्या दर हजार माणसांमागे वर्षात किती नव्या मर्यादित कंपन्या नोंदल्या गेल्या. ताईंनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांसाठीची सरकारी नोंदणी, केली तरी त्या या मोजणीत येत नाहीत, कारण उद्यम म्हणजे कंपनी नव्हे. १९९९ पासून चालणारी ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर ही पाहणी मात्र थेट माणसांना विचारते. प्रत्येक देशात १८ ते ६४ वयाचे निदान २००० जण. धंदा सुरू करायच्या खटपटीत असलेले आणि साडेतीन वर्षांच्या आतला धंदा चालवणारे, यांचा मिळून टक्का निघतो. म्हणून एखादा गरीब देश बँकेच्या यादीत तळाला आणि या पाहणीत वर दिसू शकतो. दोन्ही आकडे बरोबरच. मोजलेली वस्तू वेगळी.

टक्का घसरला की हळहळू नका. वाळूजसारखी औद्योगिक वसाहत उभी राहते, टपरी चालवणारा पोरगा पगारावर लागतो, आणि उद्योजकतेचा टक्का उतरतो. हे नुकसान आहे का? मला तरी वाटत नाही. म्हणूनच त्या पाहणीत, नोकऱ्या दुर्मीळ म्हणून पोटासाठी धंदा धरला का, हेही विचारतात.

आणखी एक. २००० जणांत १० टक्के निघाले, तर खरा आकडा साधारण पावणेनऊ ते सव्वाअकरा यांच्यामध्ये कुठंही असू शकतो. मग १० टक्क्यांचा देश मागे आणि ११ चा पुढे, असं ठामपणे कसं म्हणणार? त्या २०० जणांतून "पोटासाठी" आणि "संधी दिसली म्हणून" असे भाग पाडले, की चूक आणखी फुगते.

आपल्याकडे अशी पाहणी करायची तर दिवस नीट निवडा. बीडकडची कित्येक घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेतलं, तर गावात राहणारेच मोजले जातात. ते घर वहीत तसंच ठेवा, आणि टोळ्या परतल्या की मे महिन्यात पुन्हा जा.