एकोणतीसची फोर्ड, बत्तीसची चासी

(कोल्हापुरात फौंड्री आणि मशीनशॉपमधल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की मी अमेरिकेत जुन्या गाड्या बनवतो. त्या वाक्यात एक छोटी दुरुस्ती करतो. गाड्या नाहीत, गाडी. एकच. आणि ती बनली असं आमच्या घरात अजून कुणी म्हणत नाही. २००७ साली तिचा पत्र्याचा सांगाडा ट्रेलरवरून दारात उतरला, तेव्हा बायकोनं विचारलं होतं, ‘हे भंगारात द्यायचंय का भंगारातून आणलंय?’ उत्तर दुसरं होतं.

आमच्या आण्णांचं लेथ मशीन उद्यमनगरात होतं, हे इथल्या काही जणांना माहीत आहे. त्यामुळे आज मी पाहुण्यासारखं बोलणार नाही. तुम्हाला कास्टिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, कॅलिफोर्नियात मात्र ते माझ्या स्वतःच्या मुलाला सांगावं लागतं.

हॉट रॉड म्हणजे काय ते आधी उरकून घेतो. टीव्हीवरची ज्वाळा रंगवलेली, चकचकीत गाडी डोळ्यांपुढे असेल तर ती जरा बाजूला ठेवा. फोर्डनं १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बनवल्या. मग मॉडेल ए आली, १९३१ पर्यंत चालली. १९३२ साली व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाची फोर्ड आली आणि तिची साधी रोडस्टर नवीकोरी ४६० डॉलरला मिळायची. रोडस्टर म्हणजे पक्कं छत नाही, दाराच्या काचा नाहीत, माणसं दोन. सगळ्यात हलकी. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोल झाल्या आणि पोरांच्या हाती लागल्या. वेगासाठी फेरफार केलेली असली जुनी गाडी म्हणजे हॉट रॉड.

लॉस एंजेलिसपासून काही तासांवर मोहावी वाळवंटात कोरडी तळी आहेत. म्युरॉक, एल मिराज. पाणी आटलं की मैलोन्‌मैल टणक, सपाट माती. पोरं तिथवर गाडी चालवतच जायची, मडगार्ड, हेडलाइट, पुढची काच काढून बाजूला ठेवायची, गाडी जीव खाऊन पळवायची आणि सगळं परत लावून सोमवारी त्याच गाडीनं कामावर जायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापली. म्युरॉक पुढे लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. एल मिराजला गाड्या आजही पळतात. मी जातो. नाकातली धूळ दोन दिवस निघत नाही.

ही पोरं कोण होती? बरीचशी आपल्यासारखीच. दक्षिण कॅलिफोर्नियात विमानांचे कारखाने होते, तिथले टर्नर, वेल्डर, फिटर. युद्ध संपलं तेव्हा लष्करी भंगाराचा पूर आला. बिल बर्क नावाच्या माणसानं १९४६ साली लढाऊ विमानाची पोटाखाली लटकवायची पेट्रोलची टाकी घेतली, तिच्यात इंजिन बसवलं आणि तिचीच गाडी केली. असली कल्पना उद्यमनगरात चहाच्या टपरीवर सुचते, फरक इतकाच की त्यांच्याकडे ती पळवायला तळं होतं.

आता माझी गाडी. बॉडी १९२९ च्या मॉडेल ए रोडस्टरची, चासी, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते ती खालची चौकट, १९३२ च्या धाटणीची. ही जोडी जुनी, मी शोधलेली नाही. मॉडेल एची चासी हलकी, चार सिलिंडरचं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन ओढण्यापुरती. बत्तीसची जास्त दणकट, आणि तिच्या बाजूच्या पट्टीला एक सुंदर उठावाची रेघ आहे, कारण फोर्डनं ती उघडी दिसावी म्हणूनच काढली होती. ॲक्सल ते ॲक्सल एकीचं अंतर साडेएकशेतीन इंच, दुसरीचं एकशेसहा. बॉडीच्या कडा सरळ, चासी मागे रुंदावत जाणारी. दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर कळतं की हे लग्न जुळवायला मध्यस्थ लागणार. तो मध्यस्थ म्हणजे हातोडी, कानस आणि दोन हिवाळे.

शेजारी एक म्हातारबाबा राहायचे. आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात मशिनिस्ट. माझा सांगाडा बघायला ते रोज संध्याकाळी यायचे. मी इंजिनाचं बोलायला लागलो की ते विषय बदलायचे: ‘थांबणार कशी?’ ब्रेक झाल्याशिवाय त्यांनी माझ्याशी इंजिनावर एक शब्द बोलू दिला नाही. बरोबरच होतं त्यांचं. मॉडेल एचे ब्रेक सळयांवर चालणारे. बाकीच्या कंपन्या हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर गेल्या तरी हेन्री फोर्ड अडून बसला, १९३९ च्या मॉडेलांपर्यंत. म्हणून जुने हॉट रॉडवाले काय करायचे, तर १९३९ ते ४८ च्या फोर्डचे हायड्रॉलिक ड्रम काढून आपल्या जुन्या ॲक्सलवर चढवायचे. थोड्या खटपटीत बसतात. मीही तेच केलं. फक्त एक गोष्ट बदलली: तेव्हाचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा, एकेरी होता, एक पाइप फुटला की चारी चाकं गेली. मी पायाखालच्या फळीखाली दुहेरी मास्टर सिलिंडर लावला. यावर काही शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत. ज्यांनी सळयांचे ब्रेक फेकून हायड्रॉलिक लावले, त्यांना दुहेरी सिलिंडर मिळाला असता तर त्यांनी तो सोडला असता का?

माझं म्हणणं इथेच आहे. लोक ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे अमुक सालापर्यंतचे सुटे भाग असं धरतात. मला वाटतं, त्या पोरांनी केलेल्या प्रत्येक फेरफाराला एक कारण होतं, ते कारण आपल्याला कळलंय का हे बघावं. मागचे टायर उंच का? शोभेसाठी नव्हे. टायर मोठा की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त लांब जाते, तळ्यावर वेग वाढतो. पुढचा ॲक्सल तापवून वाकवला का? पुढून गाडी खाली बसावी, वारा कमी अडावा. पण कारण विसरून नुसतं रूप उचललं की काय होतं, ते माझ्याच गाडीनं मला शिकवलं.

पहिल्यांदा ती रस्त्यावर काढली तो रविवार. अंगणापासून हमरस्त्यापर्यंत मी राजा होतो. साधारण सत्तरच्या वेगाला एका छोट्या खड्ड्यावरून पुढचं चाक गेलं आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथर म्हणजे काय, दोन्ही चाकं डावी-उजवीकडे इतक्या जोरात फडफडत होती की हेडलाइट धूसर दिसत होते. ब्रेक मारला तर आणखी वाढलं. पाय काढून घेतला, गाडी रेंगाळत तीसवर आली तेव्हा थांबलं. मी शेजारच्या कुंपणाला टेकून बराच वेळ बसलो होतो. वय झाल्यासारखं वाटत होतं.

पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं त्या किंगपिनचे बुश तपासले, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं तपासली. एका टोकात किंचित खेळ होता, ते बदललं. थरथर कमी झाली, गेली नाही. मग म्हातारबाबांनी खिशातून कोनमापक काढून किंगपिनला लावला आणि माझ्याकडे बघत राहिले. तीन अंश. मी तर पाच ठेवला होता!

सांगतो काय झालं. किंगपिन उभा नसतो, त्याचं वरचं टोक थोडं मागे झुकवलेलं असतं. त्याला कास्टर म्हणतात. सायकलचा पुढचा फोर्क आठवा, हात सोडले तरी ती सरळ जाते ती बऱ्याच अंशी याच्यामुळे. अशा गाडीला पाच ते सात अंश हवेत. फोर्डच्या पुढच्या ॲक्सलला मागे जाणारे दोन दांडे असतात, विशबोन. मुळात ते मधोमध एकत्र येतात. इंजिनाचा तळ आणि गिअरबॉक्स आड येतात म्हणून हॉट रॉडवाले ते चिरून दोन्ही टोकं चासीच्या कडांना जोडतात. मी तसंच केलं आणि चासी स्टँडवर लेव्हलमध्ये ठेवून कास्टर पाच अंश पक्का केला. मग? मग मागे उंच टायर लावले, पुढे बुटके. गाडी पुढे झुकली, काय देखणी दिसली! एकशेसहा इंचांत चार इंचांचा उतार. गणित करा, दोन अंशांच्या वर जातं. चासी पुढे झुकली म्हणजे ॲक्सलही तिच्याबरोबर पुढे झुकला. माझ्या देखणेपणानं कास्टर खाल्ला होता.

उपाय वेल्डिंगचाच होता. विशबोनची मागची टोकं दीड इंच खाली आणली, म्हणजे बारा सूत. दांड्याची लांबी छत्तीस इंच, त्यामुळे कास्टर सुमारे अडीच अंशांनी वाढला. शिवाय दोन आडव्या दांड्यांची लांबी जुळवली: पुढचा स्प्रिंगचा पाटा आडवा असल्यामुळे ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू पाहतो, त्याला धरायला पॅनहार्ड रॉड लागतो, आणि तो स्टिअरिंगच्या दांड्याला समांतर नि तेवढाच लांब नसेल तर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःच वळते. तेव्हापासून हात सोडले तरी सरळ जाते. रूप तेच राहिलं. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, पण चालवणाऱ्याला कळतं.

इंजिनाकडे येतो, कारण तुम्ही त्यासाठीच बसला आहात. फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-एट. व्हॉल्व हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात नाहीत, ब्लॉकमध्ये, म्हणून हेड सपाट. १९३२ ला २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर. फौंड्रीवाल्यांनी टोपी काढावी अशी गोष्ट ही की आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतीव तुकड्यात, तेही स्वस्त गाडीसाठी, लाखोंच्या संख्येनं. व्ही-एट आधीही होते, पण महागड्या गाड्यांत. फोर्डचा उत्पादन सांभाळणारा चार्ल्स सोरेन्सन मूळचा पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणारा, लोक त्याला ‘कास्ट आयर्न चार्ली’ म्हणायचे.

या ब्लॉकची एक खोड आहे. एक्झॉस्टचा रस्ता ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधून बाहेर निघतो. म्हणजे जळालेला वायू बाहेर पडता पडता पाण्याला तापवून जातो. फ्लॅटहेड तापतो ही तक्रार तेव्हाची आहे. माझा पहिला ब्लॉक एका सद्‌गृहस्थानं ‘उत्तम’ म्हणून विकला. तपासणीत व्हॉल्वच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडा निघाला. पैसे परत नाहीत. आज तो आमच्या बागेत आहे, त्यावर कुंडी ठेवली आहे.

दुसरा ब्लॉक १९४६ ते ४८ मधला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तीन आणि पाच-सोळांश इंच केला, मर्क्युरी गाडीचा चार इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन चार इंच वर-खाली नेणारा, क्रँक घातला. २७६ घन इंच, साडेचार लिटर. वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. हा ९७ आकडा त्याच्या गळ्याच्या व्यासाचा, इंचाचे ९७ शतांश. हे सगळं जमलं आणि गाडी दुपारच्या सिग्नलला उकळायला लागली. मी मोठा रेडिएटर मागवला. तरी उकळली. सहा पात्यांचा पंखा लावला. तरी. म्हातारबाबा तोवर वारले होते, विचारायला कोणी नव्हतं.

शेवटी आण्णा आठवले. ते नवं कास्टिंग हातात आलं की आधी उलटं करून ठोकायचे. मी इंजिन उतरवलं, वॉटर जॅकेटचे, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीचे, सगळे बूच काढले, जाड वायर वाकवून आत घातली आणि खरवडलं. मंडळी, गंज तर निघालाच, पण त्याच्याबरोबर वाळू निघाली. कोअरची, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात त्या गाभ्याची वाळू. जळून घट्ट झालेली, काळी, आणि तिच्यात कोअरला धरून ठेवणाऱ्या तारेचा बोटभर तुकडा. सत्तर वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये कुणीतरी फेटलिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई करताना घाई केली होती, नेमकी दोन मधल्या सिलिंडरांच्या मागे. मी ती वाळू एका बरणीत भरली. आज आणली आहे, नंतर हातात घेऊन बघा, तुम्हाला लगेच ओळखू येईल. धुऊन, परत जोडून, जुना छोटा रेडिएटर लावला. ऑगस्टच्या दुपारीही काटा मध्येच राहतो. मोठा रेडिएटर विकायचाय, कुणाला हवा असेल तर सांगा.

रंगाबद्दल बायकांनी नेहमी विचारलं आहे, म्हणून सांगतो: काळा. पत्रा सरळ करताना पुटीऐवजी जुन्या पद्धतीनं शिसं वितळवून भरलं, त्याला मास्क लावून काम करा. सीट, वायरिंग, सहाऐवजी बारा व्होल्ट, यात सांगण्यासारखं काही नाही.

सध्या ती परत स्टँडवर आहे. मागच्या ॲक्सलच्या डाव्या सीलमधून तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतंय. सील दोनदा बदललं, तरी उतरतं. माझा संशय शाफ्टवर आहे, जिथे सील बसतं तिथे खाच पडली असावी. शाफ्ट मी बॅगेत घालून आणला आहे. विमानतळावर त्याबद्दल बरीच चर्चा झाली. उद्या सकाळी दहाला उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवर तो लावायचा आहे. कुणाला यायचं असेल तर या, आणि मायक्रोमीटर असेल तर बरोबर आणा.