भिंतीवरचं नाव

(दृश्य : संध्याकाळ. कमानीखालचा रस्ता, थांबलेली वाहतूक.)

रात्रीचे आठ वाजलेत. बेल्जियममधल्या ईप्र गावात, मेनिन गेटच्या कमानीखाली आता बिगुल वाजेल. १९२८ पासून रोज रात्री, या भिंतींवरच्या सैनिकांसाठी वाजतंय. दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, तेवढाच काय तो मोठा खंड. मान वर करा, बाजूला पाहा, सगळीकडे नावंच नावं. ५४ हजारांहून जास्त. पहिल्या महायुद्धात या परिसरात ब्रिटिश साम्राज्याकडून लढले आणि ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच सांगता आलं नाही, असे हे सैनिक. हिंदुस्थानी पलटणींमधलेही आहेत त्यांत.

‘बेपत्ता’. मरणाची तार आली तर घर रडून घेतं. हा शब्द आला की रडायचं की वाट बघायची, तेच कळत नाही. जुलै १९२७ मध्ये या कमानीचं अनावरण झालं, तेव्हा ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल प्लूमर जमलेल्यांना म्हणाले होते, “तो बेपत्ता नाही, तो इथे आहे.”

(दृश्य : प्रयोगशाळेतलं लांब टेबल.)

७ डिसेंबर १९४१. हवाईतल्या पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात ‘यूएसएस ओक्लाहोमा’ ही अमेरिकी युद्धनौका उलटली. ४२९ जण गेले. बहुतेकांचे अवशेष एकमेकांत मिसळलेले; हवाईतल्या दफनभूमीत ते ‘अज्ञात’ म्हणून पुरले गेले. २०१५ मध्ये ते पुन्हा बाहेर काढले. हाडाला हाड लावून पाहिलं, दातांच्या जुन्या नोंदी काढल्या, नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून पाहिलं. यातला एक डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे तिथे सैनिकाच्या पोटच्या मुलाचा नमुना चालत नाही. बहिणीचा चालतो, तिच्या मुलांचा चालतो. ज्या मामाला कधी पाहिलंच नाही, त्याला भाचा नाव परत मिळवून देतो. मला या सगळ्या कामात हेच सगळ्यात हलवून जातं. काही वर्षांत साडेतीनशेहून जास्त जणांची ओळख पटली.

(दृश्य : पुन्हा कमान. नावांवरून सरकणारा कॅमेरा.)

ईप्रच्या आसपास आजही शेत नांगरताना, पाया खणताना हाडं वर येतात. सोबत बुटाचा तळ, एखादं बटण. पलटणीचा बिल्ला सापडला तर नशीब. कधीतरी ओळख पटते. मग त्या सैनिकाला त्याच्या नावाची कबर मिळते, आणि यथावकाश या भिंतीवरचं त्याचं नाव काढलं जातं.

(बिगुल.)